जोडणीलाही गुण हवेत!

ओहमच्या नियमाचा प्रयोग चालू आहे. अँमीटरचा काटा थरथरतो, शून्यावर येतो, पुन्हा उसळी घेतो. अशा वेळी आपण काय करतो? मीटरच्या काचेवर टिचकी मारतो, ‘मीटर बिघडले’ असे जाहीर करतो आणि शेजारच्या गटाची वाचने गुपचूप वहीत उतरवतो! बहुतेक वेळा मीटर निर्दोष असते. दोष असतो तो तार आणि पितळी स्क्रू यांच्या सैल सांध्यात.

दोन धातू एकमेकांना टेकलेले दिसले, तरी प्रत्यक्षात ते मोजक्या सूक्ष्म उंचवट्यांवरच भेटतात. तेवढ्याच वाटेने विद्युतधारा जाते. त्यात तांब्यावर ऑक्साइडचा थर किंवा एनॅमलचा लेप असेल तर रोध आणखी वाढतो. समजा, आपण 1 ओहम रोधाची तार मोजत आहोत आणि सांध्यांनी 0.1 ओहमची भर घातली. झाली की 10 टक्के चूक! शिवाय सांधा तापतो तो वेगळाच. 0.5 ओहमच्या सांध्यातून 4 अँपिअर धारा गेली, तर तेथे 8 वॅट उष्णता निर्माण होते.

उपाय अगदी साधे आहेत. तारेचे टोक पॉलिश कागदाने चकचकीत होईपर्यंत घासावे. स्क्रूभोवती ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वळवावे, म्हणजे चकती आवळताना तार बाहेर न सरकता आत ओढली जाते. वेष्टन चकतीखाली येऊ देऊ नये. ध्वनिवर्धकाला स्पीकर जोडताना तर विशेष जपावे. तारेचा एखादा सुटा धागा शेजारच्या टर्मिनलला टेकला, की शॉर्टसर्किट झालेच. दोन स्पीकरांपैकी एकाच्या तांबड्या-काळ्या तारांची अदलाबदल झाली, तर खर्जाचे स्वर क्षीण होतात.

बनाना प्लगमध्ये ही खटपट बरीच कमी होते. त्याच्या 4 मिलिमीटर जाडीच्या पिनेवरील स्प्रिंगच्या पट्ट्या भोकाच्या भिंतीवर दाब देतात आणि आतबाहेर करताना पृष्ठभागही थोडा घासून स्वच्छ करतात. पण सोय आली की धोकाही येतो. ही उघडी पिन भिंतीवरच्या गोल भोकांच्या सॉकेटातही शिरू शकते आणि तेथे 230 व्होल्ट असतात! युरोपात याच भीतीने स्पीकर-टर्मिनलांची भोके प्लॅस्टिकच्या बुचांनी बंद करून ठेवतात. म्हणून माझे आग्रहाचे म्हणणे असे, की शाळेने नव्या तारा घेताना पिनेवर प्लॅस्टिकचे आवरण असलेल्याच घ्याव्यात आणि उघड्या पिनांच्या तारा सॉकेटजवळ ठेवूच नयेत.

शिक्षकांना एक विनंती आहे. प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत आकृतीला गुण असतात, वाचनांना असतात, निष्कर्षालाही असतात. त्यांतले दोन गुण जोडणीसाठी राखून ठेवा. कळ दाबण्यापूर्वी प्रत्येक तार हलकेच ओढून पाहायला लावा. आजचे अंकदर्शी मीटर दशांश चिन्हापुढे दोन-तीन अंक झोकात दाखवते, पण सांधा सैल आहे हे ते सांगत नाही. ते ओळखायचे आपणच.

मित्रहो, पुढच्या वेळी काटा थरथरला तर शेजाऱ्याच्या वहीकडे पाहू नका. आधी स्क्रू आवळून पाहा. खरे वाचन तेथेच अडकलेले असते!