भेट द्यावी, भार देऊं नये

नाताळचा सण जवळ येऊं लागला म्हणजे आपल्या शाळेंतील वर्गावर्गांतून एक गोड गडबड सुरू होते. नांवांच्या चिठ्ठ्या एका डब्यांत टाकून प्रत्येक विद्यार्थी एकेक चिठ्ठी उचलतो, आणि ज्याचें नांव निघेल त्याच्याकरितां कांहीं तरी भेट घेऊन येतो. ही चाल फार चांगली आहे. जो मुलगा एरव्हीं कोणाच्या ध्यानांतही येत नाहीं, त्याच्या हातीं त्या दिवशीं कोणाच्या तरी प्रेमाची खूण पडते. तेव्हां ही चाल बंद करावी असें सुचविण्यासाठीं हा लेख लिहिलेला नाहीं, हें आरंभींच सांगून टाकतें. परंतु ती आज ज्या रीतीनें चालली आहे त्या रीतीविषयीं विद्यार्थी व त्यांचे पालक यांच्याशीं चार शब्द बोलावेत, असें गेल्या नाताळापासून माझ्या मनांत घोळत आहे.

गेल्या वर्षीं नाताळच्या कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशीं सकाळीं कांहीं कामानिमित्त मी शाळेंत आलें होतें. शाळा झाडणाऱ्या मावशी दोन मोठीं पोतीं अंगणांत रिकामीं करून बसल्या होत्या आणि त्यांतील एकेक वस्तु निवडून निरनिराळे ढीग करीत होत्या. पुठ्ठ्याचे डबे एका बाजूस, साधे कागद दुसऱ्या बाजूस. आणि तिसरा, सर्वांत मोठा ढीग, रुपेरी व सोनेरी चमकत्या वेष्टनांचा, फुटलेल्या फुग्यांचा आणि एका दिवसांतच मोडलेल्या खेळण्यांचा.

"हा ढीग कसला, मावशी ?" मीं विचारलें.

"ह्याला कोणी घेत नाहीं, बाई," त्या म्हणाल्या. "पुठ्ठ्याचे पैसे येतात. ह्याचे नाहींत."

मावशींनीं हें अगदीं सहज सांगितलें; परंतु भेटींची परीक्षा करण्यास याहून चांगली कसोटी मला तरी ठाऊक नाहीं. पितळेचें भांडें जुनें झालें तरी मोडीला जातें. लोखंडाला भाव येतो. कांच वितळून पुन्हा कांच होते. पुस्तकाची रद्दी होण्यापूर्वीं तें दहा हातांतून जातें, आणि रद्दी झाली तरी तिचेंही वजन होतें. चमकत्या वेष्टनाची गोष्ट निराळी. त्यावर प्लास्टिकचा किंवा धातूचा पातळ थर बसविलेला असतो, आणि ते थर एकमेकांपासून सोडविण्याचा खर्च मूळ वस्तूच्या किंमतीहून अधिक. म्हणून रद्दीवाला त्याला तराजूवर चढूं देत नाहीं. पुण्यांतील कचरा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांनीं इ. स. १९९३ मध्यें आपली एक संघटना उभारली व तिला 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' असें नांव दिलें. त्या नांवाकडे जरा लक्ष द्यावें. ज्यांना पुढें कांहीं मोल आहे त्यांचीच नांवें त्यांत आलीं आहेत. चमकत्या वेष्टनाचें नांव त्यांत नाहीं.

मग हा तिसरा ढीग जातो कोठें ? तो आपल्या दृष्टीआड जातो, इतकेंच. गांवाबाहेरच्या ज्या जागेवर तो पडतो तेथेंही कोणाची तरी वस्ती असते, आणि त्या वस्तींतही मुलें असतात. मुंबईचा कचरा देवनार येथें इ. स. १९२७ पासून पडूं लागला. इ. स. २०१६ च्या जानेवारींत त्या डोंगराला आग लागली, शहरावर धूर पसरला, आणि आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. इ. स. २००५ च्या २६ जुलै रोजीं मुंबईंत सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हां पाणी तुंबण्याच्या कारणांत गटारांत अडकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांचीही गणना झाली. प्लास्टिक कुजत नाहीं. तें केवळ बारीक होत जातें. इ. स. २०२२ मध्यें नेदरलंड्समधील संशोधकांना माणसाच्या रक्तांतही त्याचे सूक्ष्म कण आढळले. म्हणजे आपण मित्राला म्हणून दिलेली वस्तु आपण ज्यांना कधीं पाहिलेंही नाहीं अशा कित्येकांना, त्यांच्या इच्छेविरुद्ध, देत असतों. "माझा शेजारी कोण ?" या प्रश्नाचें उत्तर देणारा चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपण वर्गांत वाचतों. कचऱ्याच्या ढिगाजवळ राहणारें कुटुंब आपलें शेजारी आहे, हें त्या दाखल्याच्या अर्थांत येत नाहीं काय ?

सरकारनें या बाबतींत कायदे केले आहेत. महाराष्ट्रांत इ. स. २०१८ मध्यें प्लास्टिक व थर्मोकोल यांच्या अनेक वस्तूंवर बंदी आली. पुढें १ जुलै २०२२ पासून सबंध देशांत ज्या वस्तू बंद झाल्या त्यांत फुग्यांच्या प्लास्टिकच्या काड्या, सजावटीचें थर्मोकोल, आणि मिठाईच्या डब्यांवर व निमंत्रणपत्रिकांवर गुंडाळण्याचा प्लास्टिकचा पापुद्रा हीं आहेत. या यादीकडे पाहिलें असतां ध्यानांत येईल कीं, तींतील कित्येक वस्तू दुःखाच्या प्रसंगाच्या नसून आनंदाच्या प्रसंगाच्या आहेत. आपल्या आनंदालाच कायद्यानें आळा घालण्याची वेळ यावी, ही विचार करण्यासारखी गोष्ट आहे. आणि कायद्याचा हात दुकानापर्यंत पोहोंचला तरी भेट निवडणाऱ्याच्या मनापर्यंत पोहोंचत नाहीं; तेथें ज्याचें त्यानेंच पाहिलें पाहिजे.

पूर्वीं आपल्याकडे देण्याघेण्याची जी रीत होती ती आठवली म्हणजे आपण कोणती गोष्ट हरवून बसलों हें कळतें. माझ्या लहानपणीं दिवाळींत शेजारच्या घरून फराळाचें ताट येई, ईदेला दुसऱ्या घरून शीरखुर्म्याचें भांडें येई, आणि नाताळांत आमच्या घरून करंज्या व केक दोन्ही घरीं जात. ताटावर विणलेला रुमाल असे. ताट रिकामें परत पाठवावयाचें नाहीं, असा आमच्या आजीचा दंडक होता. घरांत दुसरें कांहीं नसलें तर मूठभर साखर तरी त्यांत घालून तें परत जाई. रुमाल धुवून घडी करून पाठविला जाई. तें ताट, तो रुमाल वर्षानुवर्षें तीन घरांत फिरत होते. आणि पदार्थ पोटांत गेल्यावर मागें उरत असे तो केवळ स्नेह. आज भेट येते ती परत न जाणाऱ्या डब्यांत, परत न जाणाऱ्या पिशवींत, परत न जाणाऱ्या वेष्टनांत. भांडें परत जाण्याचें बंद झालें तसें त्या निमित्तानें शेजाऱ्याच्या दारांत जाणेंही बंद झालें.

माझ्या कित्येक हिंदु मैत्रिणी संक्रांतीच्या वाणाविषयीं हीच तक्रार करतात. सुगडांतून ऊंस, बोरें, हरभरे, गाजरें, तीळ अशा शेतांतल्या जिनसा दिल्या जात; आतां हळदीकुंकवाहून परत येणाऱ्या प्रत्येकीच्या हातीं प्लास्टिकची एखादी डबी किंवा चाळणी असते, आणि तशा दहा डब्या घरांत अगोदरच पडलेल्या असतात. दोष सणाचा नव्हे, कोणत्याही धर्माचा नव्हे. विचार न करतां देण्याची संवय आपणां सर्वांस सारखीच लागली आहे.

यावर कोणी म्हणेल, "बाई, या गोष्टी सधनांच्या आहेत. पर्यावरणास हितकर म्हणून जो माल विकला जातो तो महाग असतो." हा आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच असा माल विकत घ्यावा असें माझें म्हणणें नाहीं. जुन्या मऊ लुगड्याची गोधडी, आईनें घातलेलें लोणचें, स्वतःच्या अक्षरांत लिहून काढलेली आजीच्या पाककृतींची वही, वाचून झालेलें पण नीट जपलेलें पुस्तक, यांना पैसे किती लागतात ? विधवेनें दानपात्रांत टाकलेल्या दोन टोल्यांची गोष्ट तुम्हांस ठाऊक आहे. देणाऱ्यानें आपल्या जवळचें काय दिलें, हें तेथें पाहिलें गेलें. आवाज किती झाला, हें पाहिलें गेलें नाहीं.

दुसरा आक्षेप असा कीं, स्वस्त खेळण्यांवर व वेष्टनांवर कित्येक लहान दुकानदारांचें पोट चालतें. खरेंच चालतें. परंतु बुरूड, कुंभार, सुतार, शिंपी, घोंगडी विणणारे धनगर यांनाही पोट आहे. वेताची किंवा बांबूची परडी, मातीची कुंडी, सावंतवाडीचें लांकडी खेळणें, सोलापूरची चादर हीं विकत घेतलीं म्हणजे पैसा बाजारांतून नाहींसा होत नाहीं. तो दुसऱ्या एका कारागिराच्या घरीं जातो, एवढेंच.

येथें एक सावधगिरीचा शब्द सांगणें अवश्य आहे. भेट हिरव्या रंगाची असली म्हणजे ती हितकर असतेच असें नाहीं. हल्लीं समारंभांत पाहुण्यांना झाडांचीं रोपें देण्याची पद्धति पडली आहे. ज्याच्या घरीं अंगण नाहीं, सज्जा नाहीं, उन्हाळ्यांत प्यावयास पाण्याचा हंडा दुरून आणावा लागतो, त्याला रोप देणें म्हणजे त्या रोपाचा मृत्यु त्याच्या माथीं मारणें होय. कापडी पिशवीचेंही तसेंच. कापूस पिकविण्यास पाणी पुष्कळ लागतें; एक पिशवी वर्षानुवर्षें वापरली तर लाभ, आणि प्रत्येक समारंभांत एकेक मिळून वीस पिशव्या कपाटांत साठल्या तर तोही अपव्ययच. दसऱ्याला सोनें म्हणून आपट्याचीं पानें देण्याची चाल किती साधी आणि सुंदर ! परंतु त्यासाठीं फांद्याच्या फांद्या ओरबाडून बाजारांत ढीग लावले जातात, पुष्कळदां आपट्याच्या नांवावर कांचनाच्याही फांद्या विकल्या जातात, आणि संध्याकाळीं ते ढीग पायदळीं तुडविले जातात. एक पान दिलें तरी मान तोच राहतो.

तेव्हां भेट निवडतांना तीन प्रश्न मनाशीं विचारावेत, अशी माझी विद्यार्थ्यांना सूचना आहे. ज्याला ही वस्तु देत आहें त्याला ती खरोखर हवी आहे काय ? ती किती दिवस टिकेल किंवा उपयोगीं पडेल ? आणि तिचें काम संपल्यावर ती कोठें जाईल, कोणाच्या पोटांत, कोणाच्या हातांत, मातींत, कीं मावशींच्या तिसऱ्या ढिगांत ? या तीन प्रश्नांचीं उत्तरें नीट मिळालीं तर ती भेट पांच रुपयांची असो वा पांचशेंची, ती चांगली आहे.

आणि वस्तूच द्यावी असा तरी नियम कोठें आहे ? ज्या आजोबांना बारीक अक्षर दिसत नाहीं त्यांना रोज अर्धा तास वर्तमानपत्र वाचून दाखवावें. गणितांत मागें पडलेल्या मित्राला सुटींतले आठ दिवस शिकवावें. आईच्या हातचें एक काम वर्षभर आपल्याकडे घ्यावें. अशा भेटीला वेष्टन लागत नाहीं, आणि घेणाऱ्याला ती कधीं अडगळ होत नाहीं.

पालकांना एक विनंति आहे. एखादा मुलगा स्वतः केलेली वस्तु मित्राला देऊं लागला तर, "लोक काय म्हणतील ?" असें म्हणून त्याच्या हातीं दुकानांतला चमकता डबा देऊं नका. त्या एका वाक्यानें मुलाला असें कळतें कीं, त्याच्या श्रमापेक्षां किंमतीची चिठ्ठी मोठी आहे. आणि हा धडा तो जन्मभर विसरत नाहीं.

दोष केवळ मुलांचा किंवा घरांचा नाहीं, हेंही कबूल केलें पाहिजे. मिशनच्या शाळांतून पूर्वीं बक्षीस म्हणून पुस्तक देण्याची चाल होती. पहिल्या पानावर विद्यार्थ्याचें नांव, इयत्ता व वर्ष लिहिलेलें असे. माझ्या वडिलांना शाळेंत मिळालेलें तसें एक पुस्तक आजही आमच्या घरीं आहे, आणि तें तीन पिढ्यांनीं वाचलें आहे. हल्लीं आम्ही शिक्षक त्याऐवजीं सोनेरी मुलाम्याच्या प्लास्टिकच्या ढाली व पेले देतों. त्यांचा मुलामा एका पावसाळ्यांत उडतो, आणि रद्दीवाला त्यांनाही हात लावीत नाहीं. म्हणून माझी शाळेलाही सूचना आहे कीं, यंदापासून बक्षिसें पुस्तकांचींच असावीत, आणि नाताळच्या भेटी वर्तमानपत्राच्या कागदांत किंवा धुतलेल्या रुमालांत बांधून आणाव्यात. रुमाल ज्याचा त्याला परत जावा, आणि तो रिकामा जाऊं नये.

पूर्वेकडील ज्ञानी पुरुषांनीं बाळ येशूपुढें सोनें, ऊद आणि गंधरस ठेविला, म्हणून आपण नाताळांत भेटी देतों. त्या तिन्ही जिनसांत पुढें भार होऊन राहणारी एकही नव्हती. यंदाच्या नाताळच्या दुसऱ्या दिवशीं सकाळीं मी मुद्दाम शाळेंत येणार आहें. मावशींपुढें दोनच ढीग असावेत, आणि तेही लहान, एवढी भेट माझ्या विद्यार्थ्यांनीं मला द्यावी.