सलाईनआधी एक प्रश्न विचारा

“लग्न झालंय का गं?” रक्त काढता काढता सिस्टरनी विचारलं. नाही म्हटल्यावर आवाज खाली आणून म्हणाल्या, “मग बीजं गोठवायचं डॉक्टरांशी बोललीस का?”

मी 29 वर्षांची. चार दिवसांवर पहिली सलाईन. तोवर दोन डॉक्टर झाले होते आणि सात पानी संमतिपत्रावर सह्याही. त्यात ‘उपचारकाळात गर्भधारणा टाळावी’ एवढी एक ओळ होती.

आजार स्तनाचा कॅन्सर, ट्रिपल निगेटिव्ह प्रकारचा. केमोच्या जोडीला पेम्ब्रोलिझुमॅब ही इम्युनोथेरपी, ऑपरेशनच्या आधी आणि नंतर मिळून वर्षभर. केमोनं अंडाशयाला इजा होते, हे डॉक्टरांना वर्षानुवर्षं माहीत आहे. इम्युनोथेरपीबद्दल मात्र “हिनं केसही जात नाहीत” एवढंच बाबांना सांगितलं गेलं. खरंच आहे ते. पण हे औषध आपल्या रोगप्रतिकारक पेशींचा ब्रेक काढतं, आणि मोकळ्या सुटलेल्या पेशी कधी आपल्याच थायरॉइडवर, अ‍ॅड्रिनलवर, पिट्युटरीवर चालून जातात. पिट्युटरी बिघडली तर अंडाशयाला हुकूमच पोचत नाही, पाळी थांबते. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात अशा औषधांनी उंदरांच्या माद्यांची बीजं घटलेली दिसली. बायकांच्या बाबतीत तसं सिद्ध झालेलं नाही, उलट या उपचारांनंतर निरोगी बाळं झाल्याच्याही नोंदी आहेत. हे असं अर्धवट का होईना, मला सांगायला हवं होतं. माझं थायरॉइड गेलंच. आता रोज उपाशीपोटी गोळी, आणि पुढेमागे दिवस राहावेत असं वाटलं तर आधी टीएसएच, म्हणजे थायरॉइडचं रक्तातलं मोजमाप, ताळ्यावर आणायचं.

“आधी जीव, मग मुलाबाळांचं बघू,” असं डॉक्टर म्हणाले तेव्हा बाबांनी मान डोलावली. बिनलग्नाच्या मुलीसमोर हा विषय काढायचा कसा, हाही संकोच असणार. पण बीजं काढायला दोनेक आठवडे लागतात, पाळीची वाटही बघावी लागत नाही. सिस्टरच्या सांगण्यावरून मी विचारलं, तर डॉक्टर लगेच “हो, थांबू की” म्हणाले. माझा सगळा राग त्या ‘लगेच’वर आहे.

खर्च दीड लाखाच्या वर गेला. आईच्या पाटल्या मोडल्या. विमा कंपनीनं ‘वंध्यत्वाचा उपचार’ म्हणून दावा फेटाळला. वंध्यत्व येऊ नये म्हणून तर खटाटोप होता! सहाय्यित प्रजननाच्या 2021 च्या कायद्यानं 21 वर्षांवरच्या अविवाहित मुलीलाही हा मार्ग मोकळा आहे, मग विम्याच्या कलमांत तो कॅन्सरच्या उपचाराचा भाग का धरू नये?

माझी नऊ बीजं नायट्रोजनच्या टाकीत आहेत. त्यांचं काय करायचं ते मी अजून ठरवलेलं नाही. तुमच्या घरातल्या मुलीचे उपचार ठरत असतील तर पहिल्या सलाईनआधी विचारा, तिच्यादेखत विचारा, आणि उत्तर फाईलवर लिहून घ्या.