मजुरी रोख घ्यावी कीं लांकडांत?

आटपाडी तालुक्यांत बांधावरची बाभूळ किंवा लिंब पाडावयाचा झाला म्हणजे एक जुनाच सवाल निघतो. मालक म्हणतो, "रोकड नाहीं, मजुरीच्या जागीं लांकूड घेऊन जा." मजूर भिडेखातर मान डोलावतो. हा व्यवहार बरा कीं वाईट, याचा विचार शेतकरी व कारागीर बंधूंनीं एकदां नीट करावा, असें आम्हांस वाटतें.

सगळेच मालक मजुराला नाडतात असें आम्ही म्हणत नाहीं. माणदेशांत पाऊस थोडा. डाळिंबाचा बहार गेला कीं बागाईतदाराच्या घरांतही पैसा उरत नाहीं. सुताराची गोष्ट तर निराळीच आहे. बाभळीचें लांकूड त्याच्या हातीं आलें कीं त्याचा कुळव होतो, कुऱ्हाडीचा दांडा होतो, आणि किंमत वाढते. वाळवण्यास जागा व घडविण्यास हत्यार त्याच्यापाशीं आहे. त्यानें लांकूड घेतलें तर तें शहाणपणच होय.

परंतु तोडणाऱ्या मजुरापाशीं काय आहे? ओल्या लांकडाच्या वजनांत तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत पाणीच असतें. रचलेल्या जळणाच्या ढिगांत सुमारें तिसरा हिस्सा नुसती पोकळी असते. वाळेपर्यंत थांबावें तर भुंगा लागतो. ओलेंच विकावें तर वखारवाला गरज ओळखून भाव पाडतो. इकडे वाणी मिठाच्या बदल्यांत फांद्या घेत नाहीं, आणि जळण देऊन पोराची वही मिळत नाहीं. शिवाय आंबा, चिंच, जांभूळ हीं झाडें तोडण्यास 1964 च्या कायद्यानें परवानगी लागते. ती मालकानें काढली नसेल तर वाटेंत अडकतो तो लांकूड नेणारा मजूर.

आमच्या वाडवडिलांनीं बलुत्यांत हेंच भोगलें. काम वर्षभर आधीं, धान्य मागाहून खळ्यावर, आणि माप देणाराच्या हातीं! 1948 च्या किमान वेतन कायद्यानें व पुढें 2019 च्या वेतन संहितेनें मजुरी पैशांत द्यावी हें तत्त्व धरलें, तें उगीच नव्हे. पैसा मोजतां येतो. उपकार मोजतां येत नाहीं.

आतां शेतकऱ्यालाही दोन शब्द. "तोडणी फुकट, लांकूड आमचें," असें म्हणणारा दलाल दारीं आला कीं पुष्कळांना आनंद होतो. पण खोडाला दोरी लावून पाहा. घेर चार फूट, लांबी दहा फूट असेल तर व्यापारी घेराचा चौथा हिस्सा, म्हणजे एक फूट, घेऊन त्याचा वर्ग करतो, लांबीनें गुणतो आणि दहा घनफूट सांगतो. खरें माप पावणेतेरा घनफुटांच्या जवळ भरतें. कापतांना तूट येते म्हणून हा रिवाज, असें तो सांगेल. पण ती तूट ध्यानांत घेऊन दर ठरवावयास नको काय? ज्याला मापच ठाऊक नाहीं त्याचें सबंध झाड "फुकट तोडणी"च्या नांवाखालीं जातें. त्याच दलालानें मजुरालाही फांद्यांवर वाटेस लावलें, म्हणजे शेतकरी व मजूर दोघेही बुडाले, आणि खोड गेलें वखारींत.

म्हणून आमचें मत स्पष्ट आहे. झाडाला कुऱ्हाड लागण्यापूर्वीं मजुरी ठरवावी आणि ती रोख घ्यावी. मालकापाशीं रोकड नसेल तर त्यानें खोड मोजून विकावें व आलेल्या पैशांतून पहिल्यानें मजुरी चुकती करावी. मजुराला घरच्या चुलीपुरतें जळण हवें असेल तर त्याची किंमत निराळी ठरवावी. मजुरींत ती मिसळूं नये. परवानगीचा कागद मालकानें काढावा. हें सारें चार माणसांदेखत बोलावें, म्हणजे मागाहून तंटा नाहीं.

एकटा मजूर असें बोलला तर त्याचें काम जाईल, हें आम्ही जाणतों. पण गांवांतले सगळे तोडणारे एकच बोलले तर झाड कोणाला सांगून पाडणार? बंधूंनो, बोला, आणि एकत्र बोला.