यंत्रणा एक, पण चावी कोणाकडे?

संगणक आणि मोबाईल यांची ऑपरेटिंग सिस्टिम एक असावी की वेगवेगळी, हा प्रश्न आता केवळ तंत्रज्ञांचा राहिलेला नाही. जुलै २०२५ मध्ये गुगलच्या अँड्रॉइड विभागाचे अध्यक्ष समीर समत यांनी क्रोमओएस आणि अँड्रॉइड यांची एकच यंत्रणा करणार असल्याचे सांगितले. दोहोंचा गाभा लिनक्सचाच असल्याने तांत्रिकदृष्ट्या यात अशक्य काही नाही. परंतु वापरणाऱ्याच्या पदरात काय पडणार, हे तपासलेच पाहिजे.

मायक्रोसॉफ्टने हा प्रयोग आधीच करून पाहिला आहे. २६ ऑक्टोबर २०१२ रोजी आलेल्या विंडोज ८ ने टॅबलेटसाठी आखलेला पडदा टेबलावरच्या संगणकावरही लादला. स्टार्ट बटण काढून टाकले. माऊस-कीबोर्डवर दिवसभर काम करणाऱ्याला बोटाने सरकवायच्या चौकोनांशी काय देणेघेणे? लोकांची नाराजी एवढी वाढली की वर्षभरातच विंडोज ८.१ मध्ये ते बटण परत आणावे लागले. त्याच सुमाराच्या सरफेस आरटी या टॅबलेटवर विंडोजचे जुने प्रोग्राम चालतच नव्हते. नवे घ्यायचे तर कंपनीच्याच स्टोअरमधून. गिऱ्हाइकाने पाठ फिरवली आणि जुलै २०१३ मध्ये पडून राहिलेल्या मालापोटी कंपनीला ९० कोटी डॉलरचा तोटा दाखवावा लागला.

अ‍ॅपलचे क्रेग फेडरिघी यांनी २०१८ मध्ये भर सभेत विलीनीकरणाला 'नाही' असे उत्तर दिले. २०२० मध्ये मॅकला मोबाईलच्याच जातकुळीची चिप आली, तरी यंत्रणा वेगळ्याच राहिल्या. मॅकवर बाहेरचा प्रोग्राम चालतो. आयफोनवर मात्र युरोपीय महासंघाने कायद्याने भाग पाडल्यावरच, मार्च २०२४ मध्ये, तेथील लोकांसाठी दुसरी दुकाने उघडली.

खरी मेख येथेच आहे. संगणकाच्या मालकाला हवा तो प्रोग्राम हवा तेथून आणता येतो. मोबाईलवर दार कंपनीचे, दरवान कंपनीचा आणि विक्रीवर ३० टक्क्यांपर्यंत दलालीही कंपनीचीच. ऑगस्ट २०२५ मध्ये तर गुगलने प्ले स्टोअरबाहेरच्या अ‍ॅपनिर्मात्यांनाही ओळख-नोंदणी सक्तीची करण्याची घोषणा केली. उद्या यंत्रणा एक झाली तर संगणकाचे स्वातंत्र्य मोबाईलला मिळणार, की मोबाईलचे कुलूप संगणकाला लागणार?

मग एकत्रीकरणाला विरोध करायचा काय? मुळीच नाही. ज्याला फोन आणि संगणक दोन्ही घेणे परवडत नाही, त्याने फोनच पडदा आणि कीबोर्डला जोडून अर्ज लिहावा, हिशेब करावा, प्रोग्रामिंग शिकावे, यात त्याचा फायदाच आहे. सॅमसंगने २०१७ पासून डेक्सद्वारे ही सोय काही फोनवर दिली आहे. ती स्वस्त फोनवरही आली पाहिजे. गाभा एक असो, पडदा कामाप्रमाणे बदलो. पण प्रोग्राम निवडण्याचा हक्क मालकाचाच राहिला पाहिजे.

हा हक्क कंपन्यांच्या मर्जीवर सोडून चालणार नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडमधील मक्तेदारीबद्दल गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो कायम ठेवला. तीच दक्षता आता नव्या यंत्रणेबाबत आधीच घ्यावी. शाळा-कॉलेजांसाठी सरकारी पैशातून यंत्रे घेताना ही अट निविदेतच घातली पाहिजे. बाजार एकदा हातात गेल्यावर केलेल्या तक्रारीला वर्षानुवर्षे लागतात.