तेहतीस पोरांची गुहा

वीकएंड ट्रेक म्हटलं की आपली गाडी सह्याद्रीबाहेर जातच नाही. राजमाची, हरिश्चंद्रगड, फार तर साल्हेर. विदर्भाचं नाव काढा, ‘तिकडे काय, ऊन आणि वाघ!’ म्हणून विषय बंद. तर दोस्तांनो, या वेळी विदर्भ एक्स्प्रेसमध्ये बसायचं, मस्त ताणून द्यायची, सकाळी भंडारा रोडही मागे टाकायचं आणि गाडी जिथे संपते तिथे, गोंदियाला उतरायचं. तिथून डोंगरगडच्या दिशेची पॅसेंजर पकडली की दरेकसा. आजूबाजूला जंगल, डोंगर आणि पायथ्याशी धनेगाव. वर कड्याच्या पोटात कचारगडची गुहा. १ मे १९९९ला गोंदिया जिल्हा वेगळा झाला. तोवर हे सगळं भंडारा जिल्ह्यातच होतं, त्यामुळे जुन्या पुस्तकांत शोधाल तर भंडाऱ्याखाली शोधा.

अमेरिकेतल्या मेसा व्हर्डेचे फोटो तुम्ही पाहिले असतील. उजाड दऱ्या, आणि कड्याच्या कपारीत बांधलेलं अख्खं गाव. कचारगडला तसल्या भिंती-खिडक्या शोधत बसू नका. ही नैसर्गिक गुहा आहे, प्रचंड मोठी. पण ‘इथे आमचे पूर्वज राहिले’ असं सांगणारी माणसं इथेही आहेत, आणि ती लाखांनी आहेत.

गोंड लोकांची कथा अशी. काली कंकाली मातेची तेहतीस पोरं. महाद्वाड! शंभूने वैतागून त्यांना या गुहेत कोंडलं आणि तोंडावर भलीथोरली शिळा लावली. रायताड जंगोला त्यांची माया. पुढे पारी कुपार लिंगो आला, सोबत हिरासुका पाटालीर. हिरासुकाने किंगरीवर असे काही सूर छेडले की आतल्या पोरांच्या अंगात बळ संचारलं, त्यांनी शिळा ढकलली. पोरं सुटली, पण शिळेखाली सापडून हिरासुका गेला. सुटलेल्या पोरांना लिंगोने शिकवलं, त्यांच्यापासून गोत्रं झाली, धर्म सुरू झाला. सांगणारा बदलला की कथेचे तपशीलही बदलतात, पण ती वादकाच्या मरणाची गोष्ट मला तरी विसरता येत नाही.

आता बघा, मेसा व्हर्डेचा ‘शोध’ १८८८च्या डिसेंबरात दोन गुराख्यांनी लावला, असं वर्षानुवर्षं छापलं गेलं. प्यूब्लो लोकांना ती जागा ठाऊक होतीच, त्यांना कुणी विचारलं नाही इतकंच! तिथून उचलून युरोपात नेलेले मृतांचे अवशेष फिनलंडने परत केले ते थेट २०२०मध्ये. कचारगडचं नशीब जरा बरं. ही जागा नकाशावर आणली ती गोंडांनीच. मोतीरावण कंगाली (१९४९–२०१५) नागपुरात रिझर्व्ह बँकेत नोकरीला होते, म्हणजे तुमच्या-आमच्यासारखेच नोकरदार. नोकरी सांभाळून त्यांनी गोंडी भाषेवर, कोया पुनेमवर पुस्तकं लिहिली. १९८०च्या दशकात ते आणि आणखी काही कार्यकर्ते इथे येऊ लागले. सुरुवातीला मोजकी माणसं. आज माघ पौर्णिमेच्या यात्रेला महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण अशा कितीतरी राज्यांतून लोक येतात. पिवळे गमछे, पिवळे फेटे, ढोल, आणि जो तो ‘जय सेवा’ म्हणतोय. २०११च्या जनगणनेत गोंडी बोलणारे जवळपास तीस लाख निघाले. राज्य कुठलंही असो, गाव या एकाच गुहेचं सांगणारे.

म्हणून ट्रेकर मंडळींच्या ‘नवा स्पॉट डिस्कव्हर केला यार’ या वाक्याची मला इथे चीड येते. कुणाच्या घरात शिरून ते डिस्कव्हर केल्याचं सांगायचं म्हणजे काय? देवघरात वागाल तसं वागा. बूट बाहेर, आवाज खाली, आणि भिंतीवर बदाम-बाण कोरायची हौस घरच्या भिंतीवर भागवा.

जायचं कधी? गर्दी चालत असेल तर यात्रेतच जा, साधारण जानेवारी-फेब्रुवारीत. मुक्काम आधी पक्का करा, ऐनवेळी खोली मिळणं कठीण. शांतता हवी तर पावसाळा संपता संपता, तेव्हा जवळच्या हाजरा धबधब्यालाही पाणी असतं. उन्हाळ्यात नको, पूर्व विदर्भाचा मे महिना पाठ्यपुस्तकात वाचलेला बरा. धनेगावातलं कुणीतरी सोबत घ्या. वाट तर कळेलच, पण गोष्टही त्यांच्याच तोंडून ऐका, माझ्यापेक्षा चांगली सांगतील. त्यांच्या वेळेचे पैसे न मागता द्या. आणि हो, परतीची विदर्भ एक्स्प्रेस गोंदियाहून दुपारीच सुटते, तेव्हा बॉसकडे सोमवारची सुट्टी आत्ताच टाकून ठेवा.