बुकिंग तूच केलंस ना?

घरच्या सहलीचं बुकिंग हल्ली कोण करतं? बाबा तारखा ठरवतात, आई डबे नि औषधं बघते, आजी ‘मला पायऱ्या नकोत’ एवढंच सांगते आणि मोबाइल तुमच्या हातात येतो. ‘बघ जरा, समुद्राजवळचं काहीतरी छानसं.’ मग तुम्ही काशिद, दिवेआगर, हर्णै, गणपतीपुळे, तारकर्ली असं सगळं पालथं घालता. निळाशार स्विमिंग पूल, नारळाच्या झाडांना बांधलेले झोपाळे आणि ‘नाश्त्यासह’ असं लिहिलेलं एक रिसॉर्ट सापडतं. निम्मे पैसे भरून टाकता.

तिथे पोचल्यावर कळतं, की पूल दुरुस्तीसाठी बंद आहे. किंवा चालू आहे, पण नायलॉनचाच पोशाख हवा आणि तो तिथून भाड्याने घ्यावा लागेल. एसी रात्री नऊ ते सकाळी नऊ. गरम पाणी सातला येतं नि नऊला जातं. नाश्त्याचा बुफे पुरेशा खोल्या भरल्या तरच. नाहीतर पोहे आणि अर्धा कप चहा. गाद्या दोन सांगितल्या होत्या, एक मिळाली, दुसरीचे पैसे वेगळे. सामान उतरवता उतरवता कोणीतरी म्हणतंच, ‘बुकिंग तूच केलंस ना?’

वरवर पाहता किरकोळ वाटेल. पण बहुतेक घरांत अशी सहल वर्षातून एकदा होते. दोघांच्या रजा, तुमची परीक्षा, धाकट्याचा क्लास, आजीचे गुडघे हे सगळं जुळवून काढलेले ते दोन दिवस असतात. पूल नसल्याचं दुःख पूल नसण्यापुरतं राहत नाही, कारण धाकट्याला महिनाभर तोच फोटो दाखवून अभ्यासाला बसवलेलं असतं. म्हणूनच ‘कसली एवढी चिडचिड, समुद्र आहे की समोर’ असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. ज्याचे पैसे घेतले ते द्यायला हवं. प्रश्न असा, की इतक्या ठिकाणी, इतक्या सारख्याच पद्धतीने ते का दिलं जात नाही?

थोडं मागे जाऊ. दिवेआगर, गुहागर, मुरुड या गावांत पर्यटन सुरू झालं ते ‘घरगुती राहण्याची व जेवणाची सोय’ या पाटीवर. वाडीतल्या घराला लागून दोन-चार खोल्या, न्हाणीघरात बंबाचं पाणी, दुपारी केळीच्या पानावर जेवण, आगाऊ सांगितलं तर उकडीचे मोदक. तिथे कोणी सुविधांची यादी देत नव्हतं, त्यामुळे यादीतलं काही गायब होण्याचा प्रश्नच नव्हता. काकू सांगायच्या, ‘आज बाजारात मासे नाहीत, आमटी-भात चालेल ना?’ आणि चालायचं. माणूस समोर होता, कारण खरं होतं.

मग खोल्या मोबाइलवर आल्या. बुकिंगच्या अ‍ॅपवर सुविधांच्या चौकटी असतात. पूल, वायफाय, पार्किंग, एसी, नाश्ता. तुम्ही त्यातल्या दोन-तीन चौकटींवर बरोबरची खूण करता आणि ज्या घरात पूल नाही ते घर तुमच्या यादीतून एका क्षणात नाहीसं होतं. गावातल्या माणसाच्या हे लवकर लक्षात आलं. ज्याच्याकडे सुपारीची चार झाडं काढण्याइतकी जागा होती त्याने पूल खणला. त्यासाठी कर्ज काढलं. खूण मिळाली.

पण तुम्ही लगेच दुसरी गोष्ट करता: ‘किंमत, कमी ते जास्त’. म्हणजे पूल तर हवाच, पण यादीत वर राहायचं तर भाडंही शेजाऱ्यापेक्षा शंभर रुपयांनी कमी हवं. या दोन बटणांच्या कात्रीतून मालकाने शोधलेली वाट आपल्याला दर सुट्टीत भेटते. चौकटीतली खूण तशीच ठेवायची आणि तिचा खर्च भाड्यातून बाहेर काढायचा. पूल आहे, पण पोशाखाचे पैसे वेगळे. नाश्ता आहे, पण दोघांचाच धरलाय. शेकोटी आहे, लाकडं तेवढी विकत. भाडं स्क्रीनवर स्वस्तच दिसतं.

कराचीही यात भूमिका आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून रोजच्या साडेसात हजार रुपयांपर्यंतच्या खोलीवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. आपल्याला वाटलं, चला, स्वस्त झालं. मात्र ५ टक्क्यांच्या या दरात हॉटेलवाल्याला इनपुट टॅक्स क्रेडिट मिळत नाही. म्हणजे एसी, गाद्या, दुरुस्ती यांवर त्याने भरलेला कर त्याला वजा करून घेता येत नाही, तो खिशातून जातो. आणि साडेसात हजारांच्या वर गेलं की थेट १८ टक्के. मग खोली ७,४९९ ला ठेवावी आणि बाकीचं सुटं करून विकावं, हा मोह कोणालाही होईल. कॉमर्सवाल्यांना हे वेगळं सांगायला नको.

मालकाची बाजू इथे संपत नाही. कोकणातला हंगाम म्हणजे दिवाळी, नाताळ ते नवीन वर्ष, मे महिना आणि शनिवार-रविवार. एरवी मंगळवारी जाऊन बघा, पार्किंगमध्ये कुत्रं झोपलेलं असतं. पूल मात्र मंगळवारीही चालवावा लागतो: पंप, क्लोरीन, गाळणी, वीज, एक माणूस. शिवाय पाणी. किनाऱ्याजवळच्या विहिरीतून प्रमाणाबाहेर उपसा केला की गोड पाण्याची पातळी खाली जाते आणि समुद्राचं खारं पाणी जमिनीखालून आत सरकतं. एकदा विहीर मचूळ झाली की ती पूर्ववत व्हायला काही वर्षंही लागतात. अशा विहिरीवर शेजारची सुपारी-नारळाची वाडीही चालत असते. मे महिन्यात कोकणातल्या कित्येक वाड्या टँकरची वाट पाहत असतात आणि त्याच महिन्यात आपल्याला पूल काठोकाठ भरलेला हवा असतो. त्या वेळी एखाद्याने पूल रिकामा ठेवला तर मी त्याला नावं ठेवणार नाही. पण त्याने तो फोटोही काढून टाकावा.

काही बदल तर व्हायलाच हवेत. मेअखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत पॅरासेलिंग, बनाना राइड, स्कूबा हे सगळं पावसाळ्यामुळे बंद असतं. १ जूनपासून यांत्रिक नौकांच्या मासेमारीवर बंदी येते, मग ताटातली सुरमई ताजी कुठून असणार? २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. समुद्र खवळलेला असताना ‘आम्ही पैसे भरलेत, राइड द्या’ म्हणून हुज्जत घालणारे पाहुणेही असतात, आणि त्यांच्यापुढे नाही म्हणणारा बोटवाला शहाणा असतो. २०२० च्या ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ याच श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळलं. सुरूची बनं आणि सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. ज्या सावलीचे फोटो पाहून लोक खोल्या घेत होते ती सावलीच गेली. याला कोण काय करणार?

तेव्हा सुविधा बदलली याचा राग धरण्याआधी एक बघायचं, की बदल मालकाला केव्हा कळला होता आणि आपल्याला केव्हा कळवला. वादळ, बंदी, खवळलेला समुद्र एकीकडे. तीन महिन्यांपासून बंद असलेला पूल जाहिरातीत पोहत ठेवणं दुसरीकडे.

या दुसऱ्या प्रकारासाठी कायद्यात पुरेशी तरतूद आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेचं खोटं वर्णन करणारी किंवा महत्त्वाची माहिती मुद्दाम लपवणारी जाहिरात ही दिशाभूल करणारी जाहिरात ठरते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण त्यासाठी १० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकतं. याच प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’ रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं आणली. त्यात ग्राहकाला फसवण्याचे १३ प्रकार दिले आहेत, आणि एकेक वाचताना तुम्हाला ओळखीचे चेहरे भेटतील. ‘शेवटची एकच खोली शिल्लक!’ ही खोटी घाई. सुरुवातीला एक किंमत दाखवून शेवटच्या पानावर किंवा रिसेप्शनवर बाकीची वाढवत नेणं म्हणजे ड्रिप प्रायसिंग. एक दाखवून दुसरंच गळ्यात मारणं, तेही त्यात आहे.

मग ‘सुविधांमध्ये पूर्वसूचनेशिवाय बदल होऊ शकतो’ या बारीक अक्षरांतल्या ओळीचं काय? ती ओळ छापली म्हणजे सगळं माफ, असं कायदा म्हणत नाही. ग्राहकाला तोट्यात टाकणारी अवाजवी अट असलेला करार ‘अनुचित करार’ मानता येतो. फक्त लक्षात ठेवा, अशा कराराविरुद्धची तक्रार जिल्हा आयोगाकडे चालत नाही, राज्य आयोगाकडे जावं लागतं. साधी सेवेतली त्रुटी असेल तर जिल्हा आयोग पुरतो.

ही खोड फक्त आपल्याकडची आहे असंही समजू नका. अमेरिकेत हॉटेलं ‘रिसॉर्ट फी’ नावाची रक्कम वर्षानुवर्षं वेगळी लावत आली. पूल, वायफाय, टॉवेल यांचे म्हणून, तुम्ही पूलकडे फिरकला नाहीत तरी. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनचा नियम १२ मे २०२५ पासून लागू झाला. फी लावू नका असं तो म्हणत नाही. सक्तीची असेल ती सगळी धरून एकूण किंमत आधीच दाखवा, एवढंच म्हणतो. आपल्याकडे याच्या जवळचं उदाहरण रेस्टॉरंटमधल्या सर्व्हिस चार्जचं. तो बिलात परस्पर लावायचा नाही, असं प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितलं. हॉटेलचालकांच्या संघटना न्यायालयात गेल्या आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने प्राधिकरणाच्या बाजूने निकाल दिला. पुढे अपीलही झालं. ज्या खोलीचं आपण एका रात्रीचं भाडं भरतो तिच्याबाबत मात्र एकूण किंमत आधी दाखवण्याची सक्ती इतकी थेट अजून जाणवत नाही.

एका रात्रीचं ठीक आहे, पुढच्या वेळी दुसरीकडे जाता येतं. ज्यांनी पंचवीस वर्षांचं सभासदत्व घेतलंय त्यांचं काय? मॉलमध्ये ‘तुम्हाला बक्षीस लागलंय’ म्हणून आईबाबांना दोन तास बसवून विकलेली ती योजना. लाखांत पैसे भरायचे, वर वार्षिक देखभाल फी, ती वाढत जाणारी. घेताना यादीत किनाऱ्यालगतचं रिसॉर्ट असतं. काही वर्षांनी हव्या त्या तारखांना तेच मिळत नाही, किंवा मिळतं पण जेवणाच्या सवलती बंद झालेल्या असतात. बदललेली सुविधा सर्वांत जास्त लागते ती इथे, कारण उठून जाता येत नाही. अशा प्रकरणांत ग्राहक आयोगांनी पैसे परत करायला लावल्याची उदाहरणं आहेत. तुमच्या घरात असं कार्ड कपाटात पडलेलं असेल तर त्याचा करार एकदा वाचा. आईबाबांनी बहुतेक वाचलेला नसतो.

आता तुमच्या हातातलं. बुकिंग करण्याआधी फोन करा, पण विचारायचं ते मेसेजवर विचारा, म्हणजे उत्तर लेखी राहतं. सुविधांच्या पानाचा स्क्रीनशॉट पैसे भरायच्या आधी घ्या, नंतर पान बदललेलं असू शकतं. रिव्ह्यू वाचताना तारे मोजू नका, तारखा बघा. गेल्या महिन्यातला तीन तारे असलेला रिव्ह्यू दोन वर्षांपूर्वीच्या पाच ताऱ्यांपेक्षा कामाचा. तिथे गेल्यावर बंद पूलचा फोटो काढा, पैसे कमी करून मागा. नाहीच ऐकलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. आयोगाकडे तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, त्यासाठी कोकणात खेपा घालायला नकोत. भरलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची आहे आणि ‘ई-जागृती’ पोर्टलवर घरबसल्या दाखल करता येते.

आणि रिसेप्शनवरच्या मुलावर ओरडू नका. तो तुमच्याच वयाचा असतो, बहुतेक जवळच्याच गावचा. पूल बंद करण्याचा निर्णय त्याने घेतलेला नसतो आणि पैसे परत देण्याचा अधिकारही त्याच्याकडे नसतो. मालकाचा नंबर मागा. कित्येकदा तो मालक पुण्यात किंवा मुंबईत बसलेला असतो, आणि दिवसभर पाहुण्यांची बोलणी खाणाऱ्या त्या मुलाला तुम्ही मालकाशीच बोललेलं मनापासून आवडेल.

मेसेज काय पाठवायचा? ‘१४ तारखेला पूल चालू आहे का, पोशाखाचे वेगळे पैसे आहेत का, नाश्ता सहाही जणांचा धरलाय का, एसी दिवसा मिळेल का, सगळं मिळून किती?’ उत्तर बहुधा येईल: ‘हो हो, सगळं आहे, या तुम्ही.’ तेव्हा पुन्हा विचारा, तारीख घालून.