जगबुडीला तारीख नको

१९६२च्या फेब्रुवारीत मकर राशीत आठ ग्रह जमले, तेव्हा जग बुडणार म्हणून देशभर यज्ञयाग झाले. अष्टग्रही सरली, लोक कामाला लागले. भीतीचं असंच असतं, तिला तारीख लागते.

नगरजवळच्या मेहेराबादची गोष्ट जरा वेगळी आहे. आध्यात्मिक गुरू मेहेरबाबांनी १० जुलै १९२५ला मौन धरलं. ते सुटेल तेव्हा जगाची उलथापालथ होईल, अशी भक्तांची धारणा. ३० सप्टेंबर १९५४ला तर बाबांनी मोठ्या संहाराचं भाकीत केलं. ऐकणाऱ्यांच्या पोटात गोळा आला असणार. पुढे खुलासे झाले, जग तसंच राहिलं आणि ३१ जानेवारी १९६९ला बाबा मौन न सोडताच गेले.

आता भक्त पांगतील, असं बाहेरच्याला वाटेल. तसं काही झालं नाही. दर ३१ जानेवारीला अमरतिथीला समाधीपाशी हजारो माणसं येतात आणि भर दुपारी बारा वाजता पंधरा मिनिटं गप्प बसतात. ज्या मौनाच्या सुटण्याची वाट पाहिली, तेच त्यांनी उचललं. फसवणूक झाल्याची भावना तिथे मला दिसली नाही. प्रेम मात्र दिसलं.

अकोले तालुक्यात हरिश्चंद्रगडावर तर तारीखच नाही. केदारेश्वराच्या गुहेत कमरेएवढ्या पाण्यात पिंड, भोवती चार युगांचे चार खांब. तीन मोडलेत, चौथा उभा आहे. तो पडला की कलियुग संपलं, म्हणजे जगही. पाणी असं गार, की प्रदक्षिणा घालताना दात वाजतात. पोरं खांबापाशी फोटो काढतात, 'हा गेला की आपण गेलो' म्हणून खिदळतात. पण त्याला गमतीनेही कुणी धक्का देत नाही (मी तरी पाहिला नाही). विश्वास नाही म्हणावं, तर हात आखडतोच की!

मग पायथ्याच्या पाचनईला उतरून पिठलं-भाकरी. भूक कुणाची मेलेली नसते. पंचांगाच्या हिशेबाने कलियुग ४,३२,००० वर्षांचं, त्यातली जेमतेम पाच हजार सरलीत. घोडेगावच्या बाजारात कांदा पडला की 'कलियुग आहे, चालायचंच' म्हणून शेतकरी गाडी वळवतो. त्याची झोप उडते ती मार्चअखेरीने. सोसायटीच्या कर्जाची वसुली खांब पडायची वाट बघत नाही.